दोन भाऊ, एक नाव

अजय-अतुल हे नाव आपल्या कानावर आले असेलच. वरातीत आणि गणपतीच्या मांडवात त्यांची गाणी लागतात. (कर्णे कानठळ्या बसेपर्यंत लावतात, तो दोष लावणाऱ्याचा, गाण्याचा नव्हे.) कोणाला वाटते, हा एकच माणूस. कोणी म्हणतात, जुळे भाऊ. तसे नाही. अतुल गोगावले थोरले, जन्म १९७४ चा. अजय धाकटे, १९७६ चे. चाली दोघे मिळून बांधतात. अजय गातातही. पाटीवर नाव मात्र दोघांचे जोडून एकच.

वडील महसूल खात्यात नोकरीला. बदली झाली की बिऱ्हाड हलायचे. पोरे पुणे जिल्ह्यातल्या गावांतून वाढली. घरात गाण्याची परंपरा नव्हती, की वाद्य नव्हते. ज्याच्याकडे वाद्य असेल त्याच्याकडे जायचे आणि वाजवून पाहायचे. पुढे वडिलांनी कीबोर्ड घेऊन दिला. कीबोर्ड म्हणजे पेटीसारखे, पण विजेवर चालणारे वाद्य.

आपल्या कोल्हापूरशी त्यांचा धागा जुळला तो दोन चित्रपटांमुळे. ‘जोगवा’ हा २००९ सालचा. त्याला आपल्याच जिल्ह्यातले राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार आहे. ‘नटरंग’ आला १ जानेवारी २०१० रोजी. त्याची मूळ कादंबरी कागलच्या आनंद यादवांची. एका शेतमजुराला तमाशाचे वेड लागते, फडासाठी तो नाच्या होतो, आणि गावात त्याला मान खाली घालावी लागते, अशी ती कथा.

‘जोगवा’त यल्लम्माला सोडलेल्या माणसांचे दुःख आहे. देवीला मूल सोडणे आता कायद्याने गुन्हा आहे. पण चौंडके घेऊन दारात आलेली जोगतीण आम्ही पाहिली आहे. चौंडके बगलेत धरायचे, त्याची तार ताणायची आणि छेडायची. लोक घाईघाईने पसाभर जोंधळे घालून तिला वाटेला लावत. तिचे गाणे ऐकायला कोण थांबतो! त्याच वळणाचे गाणे या भावांनी मोठ्या पडद्यावर नेले. ‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या मते त्यांचे हे काम सर्वांत मोलाचे.

पुढे २०१६ साली ‘सैराट’ आला. त्याचे काही संगीत अमेरिकेत, लॉस एंजेलिस शहरी, तिथल्या वादकांच्या मोठ्या ताफ्याकडून वाजवून घेतले. त्यांना मराठी येण्याची गरज पडली नाही. असा ताफा कागद पुढे ठेवून वाजवतो. कोणता सूर, किती वेळ, हळू की जोरात, सारे खुणांनी लिहिलेले असते. प्रत्येक वाद्याचा कागद निराळा. म्हणजे चाल इथे सुचली, आणि ज्याने हा मुलूख कधी पाहिला नाही त्याने ती वाचून वाजवली!

आपल्या हलगीवाल्याजवळ असा कागद नसतो. बापाच्या हाताकडे बघून पोरगा शिकतो. पोरगा कारखान्यात लागला की बापाचा ठेका बापाबरोबरच जातो. गावात असा कोणी म्हातारा वादक असेल, तर या आठवड्यात वही घेऊन त्याच्यापाशी बसा. ठेक्याचे बोल तो तोंडाने म्हणून दाखवील. कानाला पडतील तसे लिहा, वर त्याचे नाव घाला, आणि वही वर्गात घेऊन या.