लिनक्सचा संगणक विंडोजला दिसत नाही तेव्हा

पोशीरच्या आमच्या घरात दादाचा विंडोज ११ चा लॅपटॉप आहे आणि एक जुना डेस्कटॉप. विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, तेव्हा डेस्कटॉपवर लिनक्स मिंट घातलं. जमिनीचे सगळे कागद स्कॅन करून त्यातच ठेवले होते.

लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’मध्ये डेस्कटॉप काही दिसेना. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉपवर एसएमबी १ चालू केलं, डेस्कटॉपवरच्या सांबालाही (लिनक्सवरून फाइल वाटून देणारा प्रोग्राम) तेच चालेल असं केलं, पासवर्ड काढला आणि येईल त्याला लिहायची-पुसायची मुभा दिली. फोल्डर दिसू लागलं, सगळे खूश झाले. पुढे पुतण्याने लॅपटॉपवर जागा करताना तेच फोल्डर पुसलं. रीसायकल बिन रिकामी! नेटवर्कवरून पुसलेली फाइल तिथे जातच नाही. सातबारे महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता आले. आजोबांच्या वाटणीपत्राचा स्कॅन गेला तो गेलाच, आणि मूळ कागदाला आधीच वाळवी लागलेली.

एसएमबी १ ही फाइल वाटून घ्यायची फार जुनी पद्धत. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस जगभर पसरला, त्याच्या वाटांपैकी एक म्हणजे याच पद्धतीतलं भोक. आपल्याच रायगडात, न्हावाशेव्याला, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम त्याने ठप्प झालं. भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ बंद असतं. कोणी ते चालू करू लागला तर त्याचा हात धरा.

डेस्कटॉप यादीत दिसत नाही म्हणजे तो पोचत नाही असं नव्हे. यादी जुन्या पद्धतीवर चालायची, ती बंद झाली इतकंच. फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे डेस्कटॉपचा आयपी पत्ता लिहा, फोल्डर उघडतं. यादीतच हवा असेल तर लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्राम बसवा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी जाते, राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो. म्हणून राउटरमध्ये डेस्कटॉपचा पत्ता कायमचा बांधून घ्या.

सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि तो वेगळा द्यावा लागतो. बहुतेक लोक इथेच अडतात, आणि अडले की पासवर्डच काढून टाकतात. तसं करू नका, प्रत्येकाला स्वतःचं नाव द्या. आमच्याकडे आता दादा लिहू शकतो, पुतण्याला फक्त वाचता येतं. सांबात ‘रीसायकल’ नावाची सोय आहे, ती चालू केली की पुसलेली फाइल डेस्कटॉपवरच एका बाजूच्या फोल्डरात जाऊन पडते. ही आधी करा, बाकीचं नंतर.

फाइलच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्ह नको. लिनक्सला चालतं, विंडोजवर ते नाव भलतंच दिसतं. आणि कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा, जोडलेली राहू देऊ नका.