हाताला लागत नाही, म्हणून

माझ्या स्तनातली कॅन्सरची गाठ लिंबाएवढी होती. आंघोळीला साबण लावताना बोटं आपोआप तिथं जायची. केमोचा तिसरा डोस झाला तेव्हा ती सुपारीएवढी झाली. पुढे दर आठवड्याचं सलाईन सुरू झालं आणि एका सकाळी बोटांना काहीच लागलं नाही. मी तशीच गाऊन अडकवून बाहेर आले, जाऊबाईंना हात लावून बघायला सांगितलं. त्यांनाही लागली नाही. दोघी रडलो.

चूक तिथूनच सुरू झाली. सोळा डोस संपले की महिन्याभरात ऑपरेशन, असं ठरलं होतं. "गाठच नाही, तर कापायचं काय?" घरात जो तो म्हणू लागला आणि मलाही ते पटवून घ्यायचंच होतं. पुतणीचं लग्न होतं, डोक्यावर कोवळे केस येत होते. दवाखान्यातून फोन यायचे, मी 'पुढच्या आठवड्यात येते' म्हणायची. असे अडीच महिने गेले. मग त्याच जागी वाटाण्याएवढं कडक काहीतरी लागलं. तपासणीत त्याच स्तनात रोग आणखी दोन ठिकाणी निघाला. आधी गाठीपुरता भाग काढून स्तन राखायचं ठरलं होतं. आता तो पूर्ण काढावा लागला.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की केमोच्या आधीच माझ्या गाठीत तिळाएवढी धातूची क्लिप सोडली होती. कशाला, हे मी विचारलंच नाही. गाठ विरघळली तरी तिची जागा सापडावी आणि तिथला भाग काढता यावा, म्हणून ती असते. म्हणजे गाठ नाहीशी होऊ शकते हे डॉक्टरांनी धरलं होतं, आणि तरीही ऑपरेशन व्हायचंच होतं! रोग खरंच संपला का, हे काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच कळतं. माझा आजार ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा. त्यात पेशी उरल्या असतील तर पुढे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या द्यायच्या का, तेही त्याच रिपोर्टवरून ठरवतात.

ऑपरेशनच्या आधी केमो दिली म्हणजे केस हाताबाहेर गेली, ही भीतीही मनातून काढा. १९८८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अभ्यासात दीड हजार बायका होत्या. तीच केमो आधी दिली काय नि नंतर दिली काय, जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आधी दिलेल्यांपैकी जास्त जणींचा स्तन मात्र राखता आला.

आणखी एक. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात; रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आमच्या गल्लीतल्या एका ताईंची केमो गेल्या महिन्यात सुरू झाली. पहिल्या डोसच्या दिवशीच मी त्यांच्याबरोबर गेले, क्लिप बसवली का ते विचारलं, ऑपरेशनचा अंदाजे आठवडा विचारून घेतला. घरी आल्यावर त्यांच्या सासूबाईंनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिला, आणि लेकाच्या साखरपुड्याची तारीख त्याच्या पुढची धरली.