कातळ चढताना पायांकडून शिकलेलं

आम्ही औरादची माणसं बीदरच्या पठारावर जांभ्याच्या सोबतीनं वाढलो. चढाई मात्र बदामीला शिकावी, असं माझं ठाम मत आहे. तिथला तांबडा वालुकाश्म खरबरीत आहे आणि त्याच्या आडव्या थरांना बोटाच्या पेराएवढे कंगोरे असतात.

१. वजन पायांवर, हात तोलापुरते. कोपरं वाकवून लटकलं की हात भरून येतात आणि मूठ आपोआप सुटते. हात सरळ ठेवावेत, गुडघे वाकवावेत आणि मांड्यांच्या जोरावर उठावं.

२. पाय टेकेपर्यंत नजर हलवू नये. सगळ्या चढाईतला हाच धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. नवशिक्याची नजर पाय टेकण्याआधीच वरच्या होल्डकडे जाते. मग पाय कातळावर घासत जागा शोधत बसतो. खालून दोर सांभाळणारा कानडीत ओरडतो, "कालु नोडु!" पाय बघ, एवढंच. आम्हा औरादकरांना त्यासाठी दुभाष्या लागत नाही. सोपा मार्ग निवडावा आणि बुटाचा आवाज अजिबात न करता तो पुन्हा पुन्हा चढावा. एकदा ठेवलेला पाय पुन्हा सरकवायचा नाही. सुरुवात करण्यापूर्वी तळव्याला चिकटलेली वाळू पुसावी.

३. कंगोऱ्यावर अंगठ्याची आतली कड टेकवावी, तळपायाचा मधला भाग नव्हे. चवड्यावर उभं राहिलं तरच पाय जागच्या जागी वळतो, कंबर भिंतीकडे फिरते आणि हात वीतभर वर पोहोचतो.

४. कंगोराच नसेल तर घर्षण. हंपीच्या ग्रॅनाइटच्या उतारांवर हे शिकता येतं. टाच खाली, चवडा पूर्ण टेकलेला. भीतीनं माणूस कातळाला बिलगतो आणि तिथंच पाय सुटतात. उतारावर कंबर बाहेरच हवी. खड्या भिंतीवर याच्या नेमकं उलट.

५. बूट घट्ट असावा, पण बोटं दुखवणारा नसावा. फ्रान्सच्या पिएर आलँनं १९३०च्या दशकात रबरी तळव्याचा खास बूट घडवला, तोही फाँतेनब्लोच्या वालुकाश्मासाठी.

६. पावसानंतर वालुकाश्मावर चढू नये. पाणी मुरलं की तो कमजोर होतो आणि कंगोरे तुटतात. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. बदामीच्या याच दगडात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशानं ५७८ साली विष्णूचं लेणं पूर्ण केलं. त्या लेण्यांच्या आसपास तर कोरड्या दिवसातही दोर लावू नये, हाताला लावायची खडूची पूड सांडू नये.