अहिफेन-अवलंबित्वाचे निदान : निकष आणि व्यवहार

बृहत्त्रयीत अहिफेनाचे वर्णन नाही. शार्ङ्गधर, भावप्रकाश यांसारख्या उत्तरकालीन ग्रंथांत ते येते. त्यामुळे अफू व तज्जन्य द्रव्यांच्या व्यसनाचे निदान केवळ मदात्ययाच्या आधारे करता येत नाही. आधुनिक निकषही अभ्यासणे आवश्यक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात (१९९२) सहा लक्षणे सांगितली आहेत : १) सेवनाची अनावर इच्छा, २) सेवनावरील ताबा सुटणे, ३) सेवन थांबताच होणारा त्रास, ४) त्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागणे, ५) अन्य व्यवहारांची उपेक्षा, ६) अपाय दिसूनही सेवन चालू ठेवणे. वर्षभरात यांपैकी तीन वा अधिक एकत्र आढळल्यास अवलंबित्व मानावे.

यातील तिसरे व चौथे लक्षण शारीरिक आहे. वैद्यकीय देखरेखीखाली मॉर्फीन घेणाऱ्या कर्करुग्णातही ती दोन्ही दिसू शकतात; म्हणून डीएसएम-५ (२०१३) अशा रुग्णात ती मोजत नाही. तात्पर्य, शरीराची सवय म्हणजे व्यसन नव्हे. ताबा सुटला का, हा मुख्य प्रश्न होय.

याउलट चूक माझ्या हातून घडली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एक मालमोटार चालक अतिसार, अंगमर्द व नाक वाहणे या तक्रारी घेऊन अधूनमधून येई. अहिफेनयुक्त स्तंभन कल्प दिला की त्यास त्वरित उपशय मिळे. तिसऱ्या खेपेस वारंवार जांभया, अंगावर काटा व विस्फारलेल्या बाहुल्या लक्षात आल्या. विश्वासात घेऊन विचारता, प्रवासात अफूचे डोडे घेत असल्याचे त्याने सांगितले. घरी मुक्काम असला की ते मिळत नसत. मी अतिसार समजलो तो वियोगजन्य त्रास होता, आणि माझे औषध त्या व्यसनालाच पोशीत होते. उपशयाने माझी दिशाभूल केली.

औषधविक्रेत्यांचेही साहाय्य मोलाचे आहे. अहिफेन अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट असल्याने त्याचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. तोच ग्राहक तेच औषध लवकर लवकर व वाढत्या प्रमाणात मागू लागला, तर दुसरे व चौथे लक्षण प्रथम दुकानातच दिसते. त्याने वैद्यास कळवावे.

सात्म्य झालेले अहितकर द्रव्य पादांशिक क्रमाने सोडविण्याचा चरकोक्त उपदेश मार्गदर्शक आहे; तथापि निश्चित अवलंबित्वात एकट्याने प्रयोग करू नयेत. रुग्णास मानसोपचारतज्ज्ञाकडे अथवा पुण्यातील मुक्तांगण (स्थापना १९८६) यांसारख्या केंद्राकडे पाठवावे. व्यसन सुटल्यावर सहनशक्ती घटते व पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते, हे रुग्णास व कुटुंबीयांस अवश्य सांगावे.