‘काही विशेष नाही, सर!’

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण छाती पुढे काढून सांगतो. पण टेबलापलीकडे तीन माणसं बसली आणि त्यांनी ‘तुला काय येतं?’ असं विचारलं, की तीच छाती आत जाते. माझी गेली होती.

मागच्या सेमिस्टरला इंटर्नशिपसाठी एका कंपनीचा इंटरव्ह्यू होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, त्यामुळे इंग्रजी चांगलं म्हणजे अर्धी लढाई जिंकली असा माझा समज! बायोडाटात लिहिलं होतं, ‘एन.एस.एस. शिबिरात सहभाग’. प्रश्न आला, ‘तिथे काय केलं?’ मी म्हणालो, ‘आम्ही श्रमदान केलं, शोषखड्डे खणले.’ ‘आम्ही नाही, तू काय केलंस?’ मी जरा थांबलो आणि अगदी शुद्ध इंग्रजीत म्हणालो, ‘काही विशेष नाही, सर!’ सिलेक्शन झालं नाही, हे सांगायला नकोच.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा शिबिर आठवायला लागलो. एक आजी दारात खड्डा खणू देत नव्हत्या. म्हणाल्या, ‘डास होतील.’ मी त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं, की डास उघड्या नालीत साचलेल्या पाण्यावर होतात. खड्ड्यात दगड-विटांचे तुकडे भरून वरून झाकलं, की पाणी जमिनीत मुरतं. दुसऱ्या दिवशी आजींनीच कुदळ आणून दिली. अडाणी कोण होतं? मीच! एखाद्याची शंका ऐकून घेऊन त्याला तांत्रिक गोष्ट सोप्या भाषेत पटवून देणं, हे माझ्याकडे होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचं, शिवाय सात दिवसांचं शिबिर. एवढ्या तासांचं आपण बायोडाटात ‘सहभाग’ या एका शब्दात वाटोळं करतो.

दुसरं उदाहरण माझ्या रूम पार्टनरचं. पठ्ठ्या पाथरीकडचा. त्याने तर फॉर्मच भरायचा नाही असं ठरवलं होतं. म्हणे, ‘मी काय केलंय? मेसचा हिशोबच तं ठेवला. तेवढ्यासाठी फॉर्म कामून भरायचा?’ मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. तीच पद्धत इथे देतो.

1. पद सोडा, क्रियापद धरा. ‘मेस सेक्रेटरी होतो’ यातून काहीच कळत नाही. त्याने मोंढ्यात भाव विचारले, उरलेल्या पोळ्या मोजल्या, पोरांची भांडणं मिटवली. विचारणं, मोजणं, मिटवणं. कौशल्य इथे लपलेलं असतं.

2. चार प्रश्नांची उत्तरं लिहा. प्रसंग काय होता? माझ्यावर काय जबाबदारी होती? मी काय केलं? त्यातून काय झालं? इंग्रजीत याला ‘स्टार’ पद्धत म्हणतात. पार्टनरचं उत्तर असं झालं: ‘शनिवार-रविवारी मुलं गावी जायची आणि पोळ्या वाया जायच्या. बिल आटोक्यात ठेवायचं काम माझं होतं. मी दाराशी वही लावली. उद्या जेवायला नसेल त्याने रात्री नाव लिहायचं. महिनाभरात रोजच्या 40 उरलेल्या पोळ्या 10 वर आल्या.’

3. आकडा खरा घाला. ‘खूप बचत झाली’ म्हणण्यापेक्षा ‘40 वरून 10’ जास्त बोलतं. पण मेसच्या कामाला ‘हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट’ म्हणू नका, दुसऱ्याच प्रश्नाला पकडले जाल.

4. ‘आम्ही’ आणि ‘मी’ वेगळं करा. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं म्हणजे बढाई वाटते. पण टीमचं श्रेय टीमला देऊन आपला वाटा सांगणं ही बढाई नाही, ती माहिती आहे.

5. नाव शेवटी द्या आणि भाषांतर त्याच्याही नंतर करा. आधी मराठीत नीट सांगता आलं पाहिजे. माझं इंग्रजी उत्तम होतं, पण सांगायला आत काही शोधलेलंच नव्हतं.

आपल्या शहरातच बघा. 18 मे 1972 ला स्थापन झालेलं आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखलं जाणारं आपलं कृषी विद्यापीठ. तिथली शेवटच्या वर्षाची मुलं-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत जातात, शेतकऱ्यांना बीजप्रक्रियेसारखी प्रात्यक्षिकं करून दाखवतात. त्यांना ‘कृषिदूत’, ‘कृषिकन्या’ म्हणतात. म्हणजे त्यांच्या कामाला नाव आहे. आपणही मेस चालवतो, गॅदरिंग उभं करतो, गावाकडे मोटरचा स्टार्टर दुरुस्त करतो, पण त्याला म्हणतो ‘टाइमपास’!

खरं तर आपल्याकडेही यादी आहे. जून 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. इंजिनिअरने फक्त गणितं सोडवायची नाहीत. टीममध्ये काम, संवाद, नीतिमत्ता, खर्चाचं नियोजन हेही त्याला आलं पाहिजे, ही अपेक्षा त्यात आहे. तीच ‘प्रोग्राम आउटकम्स’ म्हणून जर्नलच्या सुरुवातीला छापलेली असते. आपण ते पान उलटून सरळ इंडेक्सवर सही घ्यायला पळतो. एकदा ते पान वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे आपला एक प्रसंग लिहून बघा.

सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. व्हायव्हाच्या शेवटी कधीतरी विचारा, ‘या प्रॅक्टिकलमुळे तुला काय करता यायला लागलं?’ पहिल्यांदा आम्ही गप्प बसू. तरी विचारा.

पार्टनरने शेवटच्या दिवशी फॉर्म भरला. निकाल अजून यायचा आहे. मी मात्र वही घातली आहे. दर रविवारी रात्री चार ओळी लिहितो: या आठवड्यात मी काय केलं? पहिल्या रविवारी लिहिलं होतं, ‘काही विशेष नाही.’ मग ते खोडलं.