जुळ्यांतल्या एकाची बाहुली

घरातले लहान मूल गेले की काय होते, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. चार दिवस आयाबाया येतात. आईला म्हणतात, "रडू नको बाई, देव दुसरं देईल." मग कुणी तरी पाळणा सोडते. झबली-टोपडी गाठोड्यात जातात. खुळखुळा माळ्यावर पडतो. पुढे त्या मुलाचे नावदेखील घरात कुणी घेत नाही. का? तर आईला आठवण होईल म्हणून. जशी काही ती विसरलीच होती!

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येत. अक्षरे जुळू लागली तेव्हा आम्ही म्हटले, "आता पाटीवर एक नाव लिहा. तुमच्या मनाला येईल ते लिहा." बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी सावकाश तीन अक्षरे काढली. ते त्यांच्या मुलाचे नाव होते. मूल नऊ महिन्यांचे होऊन गेले होते. त्याला बारा वर्षे झाली होती. त्यांच्या शेजारणीलाही ते नाव ठाऊक नव्हते.

म्हणून आज आम्ही दूरच्या मुलखातली एक चाल सांगणार आहोत.

आफ्रिका नावाचे मोठे खंड आहे. त्याच्या पश्चिम बाजूला नायजेरिया हा देश आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा लोक राहतात. या लोकांत जुळी मुले फार होतात. १९६० नंतरच्या दशकात तिथल्या इग्बो-ओरा गावाच्या भागात डॉक्टरांनी मोजदाद केली. हजार बाळंतपणांत ४० हून अधिक जुळ्यांची निघाली. म्हणजे दर पंचवीस बाळंतपणांत एक तरी. आपल्याकडे शंभरात एखादे असते.

जुळ्यांची नावे तिथे आधीच ठरलेली. पहिले जन्मते ते ताइवो. मागून येते ते केहिंदे. मुलगा असो की मुलगी असो, नावे हीच. आता सांगा बरे, दोघांत थोरले कोण? तुम्ही म्हणाल, ताइवो. योरुबा म्हणतात, नव्हे, थोरले केहिंदे! त्याने धाकट्याला पुढे धाडले. "जा, जग कसे आहे ते पाहून ये." थोरल्याने हुकूम सोडावा आणि धाकट्याने धावावे, ही रीत तिथेही आहे म्हणायची!

जुळी मुले घरात सुबत्ता आणतात, अशी तिथली समजूत. त्यांच्या नावाने चवळी शिजवतात, दहा जणांना खाऊ घालतात. होय, आपलीच चवळी. हे धान्य मूळचे आफ्रिकेतलेच. फार पूर्वी ते आपल्याकडे आले.

पण जुळी मुले पुष्कळदा वेळेआधी जन्मतात. वजनाला हलकी असतात. पूर्वी त्यांतले एखादे जाई. कधी दोन्ही जात. योरुबांची समजूत अशी की, जुळ्यांचा जीव एकमेकांत गुंतलेला असतो. एक गेले, तर ते दुसऱ्याला ओढून नेईल. म्हणून आईबाप बाबालावोकडे जात. बाबालावो म्हणजे कौल लावून सांगणारा जाणता माणूस. तो सांगे, गेलेल्याची बाहुली करा. मग आईबाप लाकूड कोरणाऱ्या कारागिराकडे जात.

या बाहुलीला 'एरे इबेजी' म्हणतात. 'एरे' म्हणजे मूर्ती. 'इबेजी' म्हणजे जुळी. बाहुली वीत-सव्वा वीत उंच असे. डोके मोठे, डोळे टपोरे, केसांची उंच रचना. गालांवर त्या घराण्याच्या खुणा कोरलेल्या. मूल मुलगा असेल तर बाहुली पुरुषाची, मुलगी असेल तर बाईची.

इथे एक गोष्ट नीट वाचा. गेले ते तान्हे मूल. पण बाहुली तान्ह्या मुलाची नसे. ती भर उमेदीतल्या माणसाची असे. मूल जगले असते तर जसे झाले असते, तसे कारागीर त्याला घडवी. आम्ही हे प्रथम ऐकले तेव्हा बराच वेळ दुसरे काही सुचले नाही.

बाहुली घरी आली की आईचे काम सुरू होई. जिवंत मुलाला न्हाऊ घातले की बाहुलीलाही न्हाऊ घालायचे. त्याला भरवले की हिच्याही ओठांना घास लावायचा. एका झाडाच्या लाल लाकडाची पूड करून ती तेलात कालवून अंगाला चोळायची. केसांना नीळ लावायची. गळ्यात मणी, हातात कवड्यांच्या माळा. त्या कवड्यांतल्या पुष्कळ आपल्या बाजूच्या मालदीव बेटांवरून जहाजांनी तिकडे गेलेल्या. रात्री बाहुलीला निजवायचे. बाहेर जाताना जिवंत मुलासारखेच तिलाही लुगड्यात खोचून घ्यायचे. मूल मोठे झाले की रोजचे हे काम कमी होई. पण सणाला बाहुलीला तिचा वाटा मिळे. आई गेली की घरातले दुसरे कुणी तिला सांभाळी.

वर्षानुवर्षे धुऊन, चोळून, भरवून लाकूड गुळगुळीत होई. नाक झिजे. डोळे पुसट होत. काही बाहुल्यांना चेहराच उरलेला नाही. पायरीचा दगड पावलांनी झिजतो ना, तसे ते चेहरे आईच्या बोटांनी झिजले आहेत.

तुम्ही म्हणाल, ही तर अंधश्रद्धा. बाहुलीने का दुसरे मूल वाचते? नाही वाचत. आम्हीही तेच म्हणतो. दुसरे मूल जाण्याची भीती मात्र खोटी नव्हती. दोन्ही बाळे सारखीच अशक्त असत. अशा बाळाला ऊब लागते. त्याला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरावे, वरून पांघरूण घ्यावे. अंगावरचे दूध पुन्हा पुन्हा पाजावे. दवाखान्यात वेळोवेळी वजन करावे. बाळ पिईना किंवा अंग गार लागले, तर कौल लावीत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

पण त्या बाहुलीचे दुसरेही एक काम होते, आणि ते ती चोख करी. आईच्या हातांना रोजचे काम होते, ते मृत्यूने काढून घेतले. बाहुलीने त्यातले थोडे परत दिले. गेलेले मूल घराच्या मोजणीत राहिले. दोन मुले झाली होती, हे कुणाला लपवावे लागले नाही. आपल्याकडेही देवघरात वाडवडिलांचे टाक असतात. पण ते मोठ्यांचे. तान्ह्याचा टाक आम्ही तरी पाहिलेला नाही.

पुढे काळ बदलला. पुष्कळ योरुबा ख्रिस्ती झाले, पुष्कळ मुसलमान झाले. कित्येकांनी बाहुल्या सोडल्या. ज्यांना सोडवेना, त्यांतल्या काहींनी बाजारातली प्लॅस्टिकची बाहुली आणली. काहींनी फोटोग्राफर गाठला. १९७० नंतरच्या दशकात इला-ओरांगुन गावात अशी रीत दिसून आली. राहिलेल्या मुलाचा फोटो काढायचा आणि एकाच कागदावर दोनदा छापायचा. दोघे शेजारी बसल्यासारखे दिसतात. जुळ्यांत एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर राहिलेल्याचे दोन फोटो काढायचे. एक स्वतःच्या कपड्यांत, एक गेलेल्याच्या.

लाकडी बाहुल्या पुष्कळ विकल्या गेल्या. आज त्या युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत काचेच्या कपाटांत उभ्या आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्येही आहेत. जवळ एक पाटी असते. लाकूड, उंची, कुठून आली, एवढे तिच्यावर लिहिलेले असते. मुलाचे नाव बहुधा नसते. पण ते आपल्याला ठाऊक आहे. ताइवो असेल, नाही तर केहिंदे.