वाचवलेला दिवस

सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात तीस वर्षे हिशेबनिशी केलेल्या माणसास कोणत्याही खर्चातून काही ना काही छाटल्यावाचून चैन पडत नाही, आणि या खोडीपायीच मला किलिमांजारोच्या शिखराखाली सुमारे साडेसातशे मीटरांवरून माघारी फिरावे लागले; त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांकरिता तो तपशील येथे नमूद करतो.

टांझानियातील हा पर्वत म्हणजे किबो, मावेन्झी आणि शिरा या तीन ज्वालामुखींचा समुदाय. पैकी किबो निद्रिस्त, उरलेले दोन कायमचे विझलेले. किबोवरील उहुरू हे सर्वोच्च टोक ५,८९५ मीटर उंच असूनही रुळलेल्या वाटेने तेथवर जाण्यास दोरखंडाचे कसब लागत नाही, आणि वाटाड्यावाचून कोणासही वर सोडीत नाहीत. या दोन गोष्टींनी माणूस निर्धास्त होतो आणि तेथेच फसतो. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि आम्ही सुरतकर तर तापीच्या मुखाशी, समुद्रसपाटीलगतच जन्म काढलेले!

मारांगूच्या वाटेवर रात्रीचे मुक्काम तीन: मंदारा २,७२० मीटर, होरोंबो ३,७२० आणि किबो सुमारे ४,७००. सफरीच्या दरपत्रकात पाच दिवसांचा एक आणि सहा दिवसांचा दुसरा असे दोन दर होते. सहा दिवसांच्या सफरीत एक दिवस होरोंबोलाच थांबायचे होते. नुसते बसून राहण्याचे पैसे कशाला मोजावेत, असा विचार करून मी तो दिवस कापला. तीन हजार मीटरांच्या वर निजण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, असा वैद्यकाचा सर्वसाधारण दंडक आहे. माझी दर रात्री हजारांनी चढत होती, आणि ही साधी वजाबाकी एका हिशेबनिसाने करून पाहिली नाही. सहा दिवसही या दंडकात पुरते बसत नाहीत, परंतु पाचांपेक्षा ते खचित बरे.

सरावात मात्र मी कसूर केली नाही. सुरतेत डोंगर नाहीत, पूल मुबलक आहेत; पहाटे उड्डाणपुलांवर आणि दुपारी बाजाराच्या जिन्यांवर पाठीला ओझे बांधून चढउतार केली, आणि दोन वेळा साल्हेर गाठला. १६७० मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी ज्या बागलाणातून वाट काढली, त्यातला हा किल्ला. तेथला काळा पाषाणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचाच, तेव्हा ज्वालामुखीची ओळख घरबसल्या झाली असे मी विनोदाने म्हणत असे. पण साल्हेरची उंची १,५६७ मीटर. त्याने पोटऱ्या घडतात, रक्तास विरळ हवेची सवय होत नाही; उलट घडलेल्या पोटऱ्यांच्या जोरावर मी सर्वांच्या पुढे चालू लागलो आणि वाटाड्या मागून ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे बजावीत राहिला.

कपड्यांची कथा तर सांगण्यास लाज वाटावी अशी आहे. ज्या शहराचे पोट कृत्रिम धाग्यावर चालते, त्या शहरातला, त्याच धाग्याचे ताके आयुष्यभर वहीत चढवणारा मी, अंगालगत सुती बनियन घालून गेलो. सूत घाम धरून ठेवते, आणि थांबताच तो घाम बर्फासारखा पाठीस लागतो. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धागाच हवा. पाण्याची बाटली उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ वरच्या बाजूस धरतो आणि तोंड मोकळे राहते. दिव्याचे सेल आतल्या खिशात ठेवावेत. विम्याचा करारनामा वाचावा, कारण पुष्कळ विमे ठरावीक उंचीच्या पुढची जोखीम पत्करीत नाहीत. ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यावयाचे तर वैद्यास विचारूनच, आणि सल्फा औषधांचे वावडे असल्यास ते आधी सांगून.

किबोला पोहोचलो तेव्हा डोके ठणकत होते. सुरतचे जेवण आणि काशीचे मरण अशी आमच्याकडील ख्याती, पण सोबत आणलेल्या खाखऱ्याचा तुकडा तोंडात घोळत राहिला, गिळवेना. वाटाड्याने विचारपूस केली. मी ‘उत्तम’ म्हटले. ही माझी खरी चूक. पैसे भरले आहेत, रजा पुन्हा मिळणार नाही, असली कारणे मनात होती. मध्यरात्री निघून, भुसभुशीत राखेत एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे करीत, सुमारे ५,१५० मीटरांवरील हान्स मायरच्या गुहेशी टेकलो. १८८९ मध्ये प्रथम शिखर गाठणाऱ्या जोडीपैकी एकाचे नाव तिला आहे. तेथे हातमोजा काढला तो परत चढेना. अंगठ्याच्या जागी करंगळी जात होती आणि मला त्याचे हसू येत होते. वाटाड्याने दिवा जमिनीवर रोखला, राखेत काठीने एक रेघ ओढली आणि टाचेला चवडा लावून तीवरून चालण्यास सांगितले. तिसऱ्या पावलास मी रेघेबाहेर बसलो. त्याने वाद घातला नाही. माझी पाठपिशवी स्वतःच्या खांद्यास अडकवली आणि उताराकडे तोंड केले.

दुपारी होरोंबोस पोहोचलो तेव्हा ठणका गेला होता. मी सुपाचे दुसरे वाडगे मागितले. ते वाटाड्याने स्वतः आणून दिले, आणि माझ्या वाचवलेल्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही.